आधी विचारावे, मग घडवावे

आषाढातील भातलावणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. घोडेगावहून पश्चिमेला भीमाशंकराच्या डोंगरांकडे जसजसे जावे, तसतसा पावसाचा जोर वाढत जातो. तेथील खाचरांत चिखलात उभे राहून, कंबरेत वाकून, स्त्री-पुरुष दिवसभर रोपे लावीत असतात. अशा वेळी छत्रीचा उपयोग काय? छत्री धरली की एक हात अडकतो आणि लावणीला तर दोन्ही हात हवेत. शिवाय वाकलेल्या माणसाची पाठच अधिक भिजते. म्हणून सह्याद्रीच्या या पावसाळी पट्ट्यातील माणसांनी इरले घडविले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणावयाचा, त्यात रुंद पाने दाटीने बसवावयाची आणि ते डोक्यावरून पाठीवर पालथे घ्यावयाचे. डोके झाकले, पाठ झाकली आणि दोन्ही हात मोकळे राहिले! आता बहुतेक ठिकाणी इरल्याच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे. परंतु तोही इरल्याप्रमाणेच डोक्यावरून पाठीवर घेतला जातो.

इरले प्रथम कोणी केले, हे कोणास ठाऊक नाही. परंतु ज्याने ते केले त्याने पावसात वाकून काम केले असले पाहिजे, किंवा असे काम करणाऱ्याकडे लक्ष देऊन पाहिले असले पाहिजे. घरात बसून ज्याने पावसाचा विचार केला असता, त्याला छत्रीच सुचली असती. मुलांनो, मला आज तुम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. एखाद्याची अडचण दूर करावयाची असेल, तर आधी त्या माणसाकडे जावे, त्याचे काम पाहावे, त्याला विचारावे आणि मगच हातात हत्यार घ्यावे.

या रीतीने विचार करून वस्तू किंवा व्यवस्था घडविण्याच्या पद्धतीला इंग्रजीत 'डिझाइन थिंकिंग' म्हणतात. आपण तिला 'रचनाविचार' म्हणू. तिच्या पाच पायऱ्या सांगितल्या जातात. पहिली, ज्याची अडचण आहे त्याच्या जागी स्वतःला ठेवून ती समजून घेणे. दुसरी, नेमकी अडचण कोणती ते एका वाक्यात मांडणे. तिसरी, पुष्कळ उपाय सुचविणे. चौथी, त्यांतील एखाद्याचा साधा, स्वस्त नमुना करून पाहणे. आणि पाचवी, तो नमुना त्याच माणसाच्या हाती देऊन पारखणे. नमुना पारखताना चुकला, तर पुन्हा मागच्या पायरीवर यावे लागते आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

नाव नवे असले, तरी हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने भारतात हिंडून भारत शासनाला एक अहवाल सादर केला. त्यात त्यांनी सर्वांत अधिक वाखाणलेली वस्तू कोणती असेल? आपला साधा लोटा! त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावरून, कमरेवरून किंवा हातातून कसा न्यावा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहावा, पाणी ओतताना धार कशी पडावी, तो आतून घासता कसा यावा, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्याच्या आकारात सामावली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. अनेक पिढ्यांनी वापरून, पारखून आणि सुधारून तो आकार सिद्ध केला आहे. पुढे १९६१ मध्ये अहमदाबाद येथे रचनाशास्त्राचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ती याच अहवालाचे फळ होय.

आता आपल्या शाळांतील प्रकल्पांकडे वळू. मुख्याध्यापक म्हणून मी प्रकल्पांच्या शेकडो वह्या तपासल्या आहेत. त्यांतील कित्येक वह्यांची मुखपृष्ठे रंगीत आणि अक्षर मोत्यांसारखे असे. दुकानातून आणलेली तयार चित्रे नीट चिकटविलेली असत. 'पाण्याचे महत्त्व' या विषयावर दहा पाने भरलेली असत. पण गावातील कोणत्या आळीत नळाला पाणी येत नाही, याची एक ओळही त्यांत नसे. काही प्रतिकृती तर आईवडिलांनी रात्री जागून केलेल्या असत. अशा कामाला प्रकल्प म्हणणे मला मान्य नाही. तो नकलेचा आणि चिकटकामाचा सराव होय. ज्या कामाच्या आरंभी कोणा माणसाची खरी अडचण नाही आणि ज्याच्या शेवटी त्या माणसाचा होकार किंवा नकार नाही, त्याला प्रकल्प हे नाव शोभत नाही.

मग खरा प्रकल्प कसा असतो? एक उदाहरण कल्पून पाहू. घोडेगावातील एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ रोज पुष्कळ पाणी सांडते आणि चिखल होतो, असे समजा. पाच मुलांचा गट तेथे जातो. पहिला विचार सुचतो तो फलकाचा. 'पाणी वाचवा' असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि टाकीवर लावावे. फलक लिहून झाला की काम संपले! पण हा गट शहाणा आहे. तो आधी तीन दिवस वही घेऊन टाकीजवळ नुसता उभा राहतो आणि पाहतो. नळाखाली एक बादली ठेवून सुट्टीत किती बादल्या पाणी वाया जाते, तेही मोजतो.

तीन दिवसांत त्यांना काय दिसते? मुले ओंजळीने पाणी पितात. ओंजळीला दोन्ही हात लागतात, म्हणून नळ सोडलेलाच राहतो आणि निम्मे पाणी बोटांतून खाली जाते. पहिली-दुसरीच्या मुलांचा हात चावीपर्यंत नीट पोहोचत नाही. एखादा मोठा मुलगा त्यांना नळ सोडून देतो आणि निघून जातो. नळ बंद करावा असे त्या चिमुकल्यांना वाटले, तरी त्यांना तो बंद करता येत नाही. म्हणजे 'मुले बेशिस्त आहेत' ही अडचण नव्हेच. 'लहान मुलांचा हात चावीला पोहोचत नाही आणि पाणी घ्यावयास भांडे नाही' ही खरी अडचण आहे. अडचणीचे वाक्य बदलले की उपायही बदलतो. बेशिस्तीवर उपाय दटावणीचा. परंतु न पोहोचणाऱ्या हातावर उपाय पायरीचा!

मग गट चार विटा रचून पायरी करतो. दुसऱ्याच दिवशी विटा डगमगतात आणि एक मुलगी घसरता घसरता वाचते. नमुना चुकला, पण तो चार विटांचा होता म्हणून नुकसान झाले नाही. सिमेंटची पक्की पायरी आधीच बांधली असती आणि ती चुकीच्या उंचीची निघाली असती, तर? पहिला नमुना स्वस्त आणि मोडता येण्यासारखा का असावा, ते यावरून कळते. मग विटांच्या जागी रुंद, खरखरीत दगड येतो. प्रत्येकाने आपला पेला आणावा असे ठरते. आठवड्याने पुन्हा बादली ठेवून मोजणी होते. पाणी कमी सांडत असेल तर उपाय ठीक. नसेल तर पुन्हा पाहणे आणि पुन्हा विचारणे. या साऱ्या कामास किती पैसे लागले? जवळजवळ नाहीतच. पण मोजमाप, निरीक्षण, लेखन आणि दुसऱ्याची दया-माया या चारही गोष्टी त्यात आल्या.

विचारल्यावाचून केलेला उपाय किती महागात पडतो, याचा दाखला देशाच्या इतिहासातही आहे. लाकडाच्या चुलीचा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असतो. तो कमी व्हावा आणि सरपणही वाचावे, या चांगल्या हेतूने केंद्र शासनाने १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींची मोठी योजना हाती घेतली. देशभर कोट्यवधी चुली बसविण्यात आल्या. तरीही त्यांतील पुष्कळ चुली काही काळाने वापरावाचून पडून राहिल्या. कोठे घरातील मोठे भांडे त्या चुलीवर नीट बसत नसे, कोठे तिच्यासाठी लाकडे बारीक फोडावी लागत, कोठे धुराड्याची सफाई आणि डागडुजी होत नसे. २००२ साली केंद्राने ती योजना बंद केली. शास्त्र खोटे नव्हते आणि हेतूही वाईट नव्हता. परंतु चुलीपुढे रोज बसणाऱ्या बाईचे म्हणणे अनेक ठिकाणी पुरते ऐकले गेले नाही. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही म्हण येथे किती तंतोतंत लागू पडते, पाहा!

याच्या उलट, योग्य वाटेने चालणारी उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. अन्नतंत्रज्ञानाचे संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले होते आणि एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात ते वरच्या जागेवर होते. तो मानमरातब सोडून ते पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ हे अवर्षणाचे गाव. शाळेच्या अभ्यासात रमू न शकलेली खेड्यातील मुले तेथे येत. ती जोडकाम शिकत, बांधकाम शिकत, वीजजोडणी शिकत; आणि शिकत असतानाच गावकऱ्यांची खरी कामे करून देत. जमिनीखाली पाणी कोठे मिळेल याचा अंदाज उपकरणाने कसा घ्यावा, हेही ती शिकली. येथे परीक्षकाच्या जागी तो गावकरीच असे. केलेले काम टिकले तर मुलगा उत्तीर्ण झाला, हे वेगळे सांगावे लागत नसे.

याच विचारातून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक्रम तयार झाला आणि तो महाराष्ट्रातील अनेक शाळांनी स्वीकारला. त्यात मुले आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेच्या साहाय्याने पाबळला 'फॅब लॅब' उभी राहिली. संगणकावर रेखाटलेली वस्तू यंत्रांच्या साहाय्याने प्रत्यक्ष घडविता येईल, अशी ही कार्यशाळा होय. अमेरिकेबाहेर उभारलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. ती एखाद्या महानगरात नव्हे, तर एका कोरडवाहू खेड्यात उभी राहिली, याचा आपल्याला अभिमान वाटावा. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. त्यांचे काम मात्र पुढे चालू राहिले.

दुसरे उदाहरण जुन्नर तालुक्यातील खोडदचे. नारायणगावजवळच्या त्या माळावर आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड थाळ्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. दूरच्या ताऱ्यांकडून आणि आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी ती महाकाय दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. एवढी मोठी थाळी भरीव पत्र्याची केली, तर ती अतिशय जड होईल, वाऱ्याचा सारा मार तिच्यावर बसेल आणि खर्चही आवाक्याबाहेर जाईल. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीचाच विचार केला. आपल्याला ज्या लहरी टिपावयाच्या आहेत त्या लांब आहेत. मग बारीक भोकांची जाळी त्यांना पुरणार नाही काय? या विचारातून त्यांनी ताणलेल्या तारांवर बारीक पोलादी तारांची जाळी बसविली. लहरी जाळीवरून परततात आणि वारा जाळीतून निघून जातो. पैसा कमी आहे, वारा जोराचा आहे, ही रडण्याची कारणे नव्हेत. त्या रचनेच्या अटी होत. अटी स्पष्ट मांडल्या की बुद्धीला वाट सापडते.

हे काम गटानेच का करावे? एका हुशार मुलाने ते केले तर चालणार नाही काय? माझे मत असे की नाही चालणार. एका माणसाला एकाच जागेवरून दिसते. आंबेगावच्या पश्चिम भागातील आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवितात आणि विकतात. अवकाळी पाऊस आला की अंगणात वाळत घातलेला हिरडा भिजतो आणि त्याचा भाव उतरतो. समजा, एका गटाने हा प्रश्न घेतला. विज्ञानात पहिला येणारा मुलगा काचेची छानशी वाळवणपेटी कागदावर काढतो. तेव्हा आजवर वर्गात फारसे न बोललेली, डोंगरातील वाडीवरून आलेली मुलगी विचारते, "या पेटीत हिरडा किती मावेल? आमच्याकडे तर पोती भरतात. आणि ही पेटी घराच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवायची?" त्या दोन प्रश्नांनी सारे चित्र बदलते. कदाचित पेटीऐवजी झटकन ओढून घेता येईल असे आच्छादन, किंवा जमिनीपासून उंच असा मांडव अधिक उपयोगी ठरेल. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला जे ठाऊक नव्हते, ते त्या मुलीला घरूनच ठाऊक होते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो असा!

परंतु गटाचे काम म्हणजे एकाने राबावे आणि बाकीच्यांनी खाली नावे लिहावीत, असे नव्हे. तसेच, सर्वांनी हुकूम सोडावे आणि काम कोणीच करू नये, हेही नव्हे. 'तूही राणी, मीही राणी, मग कोण भरील पाणी?' अशी गत तेथे होते. प्रत्येकाने काही पाहावे, काही करावे आणि काही ऐकून घ्यावे. आपण सुचविलेला उपाय मागे पडला आणि दुसऱ्याचा पुढे गेला, तर मन थोडे खट्टू होते. तरीही त्या दुसऱ्या उपायाला आपले हात लावणे, हे गटात शिकावयाचे सर्वांत अवघड काम आहे. मोठेपणी ग्रामसभेत, सहकारी संस्थेत किंवा कार्यालयात बसाल, तेव्हा हीच शिकवण कामी येईल.

काही पालक म्हणतात, "यात वेळ फार जातो. धडे मागे राहतात आणि परीक्षेत गुण कमी पडतात." त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, वर्षात दहा प्रकल्प नकोत. एकच असावा, पण खरा असावा. दहा वरवरचे प्रकल्प म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या! आणि जो एक कराल, त्यात गणित, भाषा आणि विज्ञान यांचे धडे आपोआप येतातच. सांडलेले पाणी मोजताना लिटर आणि शेकडेवारी समजते. गावकऱ्यांना विचारताना नम्रतेने आणि नेमकेपणाने बोलावे लागते. केलेल्या कामाचे टिपण लिहिताना एकही शब्द कोठून उतरवून घेता येत नाही, कारण ते कोठे छापलेलेच नसते. हातांनी केलेले काम आणि बुद्धीचे शिक्षण यांची फारकत करू नये, हा विचार महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत देशापुढे ठेवला होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही करून शिकण्यावर भर दिला आहे. मात्र धोरणे कागदावर राहतात. ती जमिनीवर उतरतात ती तुमच्यासारख्यांच्या हातांनी.

शेवटी एक गोष्ट मला तुम्हांला आवर्जून सांगावीशी वाटते. दुसऱ्याची अडचण ही गुण मिळविण्याची वस्तू नव्हे. तुम्ही एखाद्या आजीच्या दारी गेलात, तिला दहा प्रश्न विचारलेत, तिने काम बाजूला ठेवून तुम्हांला सारे सांगितले आणि त्यानंतर तुम्ही पुन्हा तिकडे फिरकलाच नाहीत, तर तुम्ही तिला फसविले असे होईल. उपाय साधला तर तो तिच्याकडे न्या. साधला नाही, तर तेही जाऊन सांगा. "आजी, आम्ही प्रयत्न केला, पण आम्हांला अजून जमले नाही," एवढे म्हणण्यास धैर्य लागते. जी अडचण मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे ती शिक्षकांच्या साहाय्याने ग्रामपंचायतीपुढे मांडा. परंतु खोटे वचन कोणाला देऊ नका. रचनाविचाराची पहिली पायरी सहानुभूतीची आहे, हे विसरून चालणार नाही. ती पायरी ओलांडून जो पुढे धावतो, त्याच्या हातून वस्तू घडेल. पण ती कोणाच्या उपयोगी पडेलच असे नाही.

तर मुलांनो, येत्या रविवारी आपल्या आळीत, वाडीत, बाजारात डोळे उघडे ठेवून फिरा. कोणाचे ओझे कोठे टोचते, कोणाचा हात कोठे पोहोचत नाही, कोणाचा वेळ कशात वाया जातो, ते पाहा. लगेच उपाय सांगू नका. आधी विचारा, मग ऐका, आणि त्यानंतर चार मित्रांना बरोबर घेऊन घडवावयास बसा.